पश्चिमेची भिंत

"पण उस्ताद, डबा तोच, कंपनी तीच, डब्यावरचा आकडासुद्धा तोच... मग हा पिवळा त्या पिवळ्याला जुळत का नाही?"

बशीर उस्ताद मांडीवरच्या छोट्या स्टेशनाकडे बघत होते.

स्टेशन जेवणाच्या डब्याएवढं होतं. प्लास्टिकच्या चार भिंती उभ्या. छप्पर अजून वेगळंच होतं, रुमालात गुंडाळलेलं.

सुनीती काणेकर ते खोक्यात घालून सांगलीहून सकाळच्या बसने मिरजेला आली होती. खोका तिने सबंध प्रवासात मांडीवरून उतरवला नव्हता. ती सरकारी खात्यात पुलांचे आराखडे करायची. केसाएवढी चूक तिला खपत नसे, आणि खपत नाही हे ती लपवतही नसे.

उस्तादांची चाळीस वर्षं रेल्वेचे डबे रंगवण्यात गेली होती. आता ते घरी बसून छोट्या रेल्वेची छोटी घरं रंगवत आणि येईल त्याला शिकवत.

"ही भिंत कुणी केली?"

"मिस्टरांनी."

"आणि या तीन?"

"मी."

"ते नाही आले?"

"गेल्या वर्षी गेले."

उस्तादांनी मान हलवली. पुढे काही बोलले नाहीत. सुनीतीला ते बरं वाटलं. वर्षभर लोक फार बोलले होते.

श्रीरंगने, तिच्या नवऱ्याने, घरी मागच्या खोलीत दाराएवढ्या फळीवर अख्खी रेल्वे मांडली होती. रूळ, बोगदा, ओढ्यावरचा पूल. राहिलं होतं ते फक्त स्टेशन. ते उभं राहिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असं त्याचं म्हणणं. एक भिंत रंगवून झाली आणि तो थांबला. पुढे आजारपणच आलं.

वर्षश्राद्धाला अकरा दिवस उरले होते. त्या दिवशी गाडी धावणार, हे सुनीतीने ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, करायचं होतं.

तिने पिशवीतून पुठ्ठ्याचे तुकडे काढून ओळीने मांडले. प्रत्येकावर पिवळ्याची एक छटा.

"सोळा नमुने आहेत. प्रत्येकामागे प्रमाण लिहिलंय."

उस्तादांनी एक तुकडा उलटून पाहिला. "अक्षर सुंदर आहे ओ ताई."

"उस्ताद, मी अक्षर दाखवायला आले नाही."

"मग एक करा. चारी भिंतींवर नवा हात मारा. तासाभराचं काम. रेल्वेच्या डब्याला आम्ही कधी ठिगळ लावलं नाही. बाजू खराब झाली, की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळी रंगवायची."

"त्यांच्या भिंतीला हात लावायचा नाही."

"का?"

"नाही लावायचा."

...

स्टेशन खाली ठेवून उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. सोळावा तुकडा त्यांनी उचलला आणि चपला न घालताच बाहेर गेले. "या," म्हणाले.

अंगणात उभं राहून त्यांनी स्वतःच्या घराकडे बोट दाखवलं. पिवळं बैठं घर.

"हे तीन वर्षांपूर्वी रंगवलं. एक बादली, एक ब्रश, एक दिवस."

"चार दिवस!" आतून त्यांच्या बायकोचा, जैबुनभाभींचा आवाज आला. "आणि तेसुद्धा मी जेवण बंद करते म्हटल्यावर."

"चार दिवस," उस्ताद म्हणाले.

त्यांनी तुकडा दर्शनी भिंतीला लावला. जुळला नाही. बोळातून वळून दुसऱ्या भिंतीशी नेला. तिथे शेजारच्या टाकीचं पाणी झिरपून हिरवट पट्टा उतरला होता. मागच्या भिंतीवर बंबाचा धूर बसला होता. चौथी भिंत मावळतीच्या उन्हाने इतकी विटली होती, की पिवळा तिथे आठवणीपुरताच राहिला होता.

"यांतला खरा पिवळा कुठला?"

सुनीतीने विटलेल्या भिंतीवर बोट फिरवून पाहिलं.

"आराखडे करता म्हणालात."

"हो."

"मग एवढं सांगा. तुमच्या त्या फळीवर सूर्य कुठनं उगवतो?"

सुनीतीने ते ठरवलंच नव्हतं.

बावीस वर्षांत उत्तर दिशेचा बाण काढल्याशिवाय तिने एक कागद पुढे सरकवला नव्हता. हाताखालची माणसं तो विसरली, तर ती अख्खा आराखडा परत पाठवायची. आणि इथे चार महिने ती एक स्टेशन उभं करत होती.

"ती फळी आहे, उस्ताद. मागच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली..."

"पण हे स्टेशन हाय का न्हाई?"

"आहे."

"मग?"

ती ओसरीवर परत आली. स्टेशन हातात घेऊन तिने श्रीरंगची भिंत डोळ्यांजवळ नेली. छपराच्या कडेखाली रंग दाट होता. मधे तो उन्हाने विटल्यासारखा विरत गेला होता. खाली, बाकाएवढ्या उंचीवर, पुन्हा जरासा गडद. ब्रशचे फटकारे दिसत होते.

"हे त्यांनी मुद्दाम केलं असेल?"

"विचारलं न्हाई कधी?"

"नाही." ती थांबली. "मी म्हटलं होतं, रंग एकसारखा बसला नाहीये."

"ते काय म्हणाले?"

"हसले. ब्रश धुऊन ठेवला."

...

"पुन्हा उचलला नाही," ती म्हणाली.

जैबुनभाभींनी चहा आणून ठेवला. दोघांकडे बघितलं आणि आत गेल्या.

"मुद्दाम केलं का चुकून झालं, ते आता कोण सांगणार ओ ताई," उस्ताद म्हणाले. "तुम्ही ठरवा."

सुनीतीने चहा संपवला. मग कपबशी बाजूला सारून स्टेशन फरशीवर ठेवलं आणि अर्धं वळवलं. श्रीरंगची भिंत उस्तादांच्या समोर आली.

"ही पश्चिम," ती म्हणाली.

"पक्कं?"

"पक्कं."

"मग बाकीच्या तीन चुकल्यात."

"माहीत आहे."

उस्तादांनी काळ्या रंगाचा एक थेंब टर्पेंटाइनमध्ये सोडून वाटी तिच्यापुढे सरकवली. सोबत एक चिंधी. सुनीतीने ब्रश बुडवला आणि आपल्या उत्तरेच्या भिंतीवर धरला. त्या भिंतीला तिने तीन पातळ हात दिले होते. प्रत्येक हातानंतर दोन दिवस वाळू दिलं होतं. एक केस, एक फुगा तिच्यावर नव्हता.

हात पुढे जाईना.

"पुलाखाली शेवाळ धरत न्हाई व्हय तुमच्या?"

"धरतं."

"मग पूल पडतो?"

"माझा नाही पडत," सुनीती म्हणाली आणि ब्रश टेकवला.

काळसर पाणी भिंतीवरून ओघळलं. तिने चिंधीने टिपलं. पुन्हा लावलं, पुन्हा टिपलं. उत्तरेला ओल. पूर्वेला रूळ, म्हणून इंजिनाची काजळी, तीही फक्त वरच्या अंगाला. दक्षिणेला पाण्याचा नळ येणार होता, तिथे जमिनीलगत चिखलाचे शिंतोडे. उस्ताद मधून मधून "अजून" म्हणत. दुपारची नमाज पढून आले आणि एकदाच म्हणाले, "बास."

चार वाजले होते. चार भिंती आता चार तऱ्हेच्या झाल्या होत्या. आणि स्टेशन एक दिसत होतं.

सुनीतीने सोळा तुकडे गोळा करून पिशवीत टाकले.

"आता छप्पर," उस्ताद म्हणाले.

तिने रुमाल सोडला. कौलांचं छप्पर हातात घेतलं. भिंतींच्या वरच्या कडांवरचा रंग पात्याने खरवडला, कारण रंगावर गोंद लावला तर छप्पर रंगाला चिकटतं, भिंतीला नाही. हे तिला आधीच ठाऊक होतं. गोंदाची बाटली उघडली. तिच्या तोंडाला सुई बसवली.

आणि थांबली.

"उस्ताद, आत बघा जरा."

श्रीरंगच्या भिंतीच्या आतल्या अंगाला तिकीटखोली रंगवलेली होती. एक फळी. फळीवर कंदील. खिळ्याला अडकवलेला सदरा, तांदळाच्या दाण्याएवढा, त्याची एक बाही उलटी.

उस्तादांनी तोंड फिरवलं.

"बघा तरी! किती बारीक काम केलंय."

"लोकांच्या घरात डोकावू का मी?"

"छप्पर लागलं, की हे पुन्हा कधीच कुणाला दिसणार नाही."

"हां."

"मलाही नाही."

"हां."

...

"सुटं ठेवता येईल," ती म्हणाली. "नुसतं वर टेकवायचं. वाटलं तर उचलून..."

"ठेवा की. गाडी पहिल्याच फेरीला हादरवून खाली टाकेल. मग परत ठेवा. मग परत गाडी थांबवा."

सुनीतीने आत एकदा पाहिलं. घाईने नाही. पाहून झाल्यावर तिने चारही कडांवर सुईने गोंदाची रेघ ओढली. रेघ कुठेही तुटली नाही. छप्पर बसवलं आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरलं.

रस्त्यावरून सायकली गेल्या. आत भाभी भांडी लावत होत्या. बोटांची नखं पांढरी पडली, मनगटं भरून आली. तिने हात हलू दिला नाही.

"उस्ताद... किती वेळ धरायचं?"

उस्ताद रंगाच्या डब्यांची झाकणं लावत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"ते सोडल्यावर कळतं."