अनवाणी गुंजी

एका डोंगरगावात एक तरुण आई राहत होती. शिकलेली होती, पण काळजीपुढे तिचं शिक्षण काही चालत नसे. कारण नसलं तर ती शोधून काढी. यंदा मात्र कारण अंगणातच बांधलेलं होतं आणि त्यानं तिची झोप उडवली होती. घरची घोडी, गुंजी, लंगडत होती.

त्या गावची रीतच अशी, की घोडा लंगडला की आधीपेक्षा जाड नाल ठोकायचा. गुंजीलाही तसाच ठोकला होता. चार दिवस ती बरी चालली, मग आणखीच लंगडायला लागली. नवरा म्हणाला, "जत्रेच्या बाजारात विकून टाकू. लंगडी घोडी कुणी कुरवाळायला नेत नाही, ठाऊक आहे मला. पण करायचं काय?"

नदीपलीकडे एक मावशी लंगडे घोडे सांभाळत. आई गुंजीला घेऊन तिथं गेली. मावशींनी खूर हातात घेऊन चाचपला, आणि खिळे उपटून नालच काढून टाकले.

"अहो मावशी, नाल असून हिला चालवत नाही, नसताना कशी चालेल?"

"नालानं लंगडणं झाकलं गं, दुखणं आत तसंच राहिलं. खूर वरून वाढतो, आपल्या नखासारखा. नवा खूर खाली उतरेपर्यंत हिला मऊ वाळूत फिरव, मग बारीक खड्यांवर. आणि घाई करायची नाही!"

मावशी अधूनमधून येऊन कानशीनं खुराच्या कडा गोल करून जात. आई रोज गुंजीला वाळूत फिरवी. वाळूत ठीक असे, पण गावच्या वाटेवर गुंजी पाय उचलून उभीच राही. पाणवठ्यावरच्या बायका विचारत, "काय वहिनी, घोडीनं अनवाणी चालायचा नवस केलाय का?" आई त्यांच्यासोबत हसे. मग मनात म्हणे, एवढ्या सगळ्या चुकल्या आणि मी एकटी बरोबर, असं कधी झालंय?

जत्रा तोंडावर आली. नालबंद हातोडी घेऊन दारात हजर. "ठोकू का वहिनी? बाजार उठेपर्यंत तरी नीट चालेल. घेणाऱ्याला कळायचंही नाही."

'ठोका' हा शब्द आईच्या ओठांवर आलाच होता. तेवढ्यात तिनं गुंजीचा पाय उचलून पाहिला. वरून नवा खूर उतरत होता, गुळगुळीत, चीर म्हणून नाही. जुना भेगाळलेला भाग खाली बोटभरच उरला होता.

"नको," ती म्हणाली. आपला आवाज एवढा ठाम निघाल्याचं तिलाच नवल वाटलं. "एवढा उतरलाय, उरलेलाही उतरेल. गुंजी बाजारात जाणार नाही."

जत्रा होऊन गेली. हिवाळा सरता सरता एके सकाळी गुंजी दगडगोट्यांच्या घाटवाटेला लागली. आधी चालली, मग चक्क दुडक्या चालीनं निघाली. नवरा दिसेल त्याला थांबवून सांगू लागला, "आमची घोडी अनवाणी आहे, म्हटलं!"

मावशी मात्र एवढंच म्हणाल्या, "तिचं तीच बरी झाली. आपण फक्त आड आलो नाही."

आई भारावून गेली. गुंजीच्या मागोमाग घाट चढता चढता तिनं आपल्या पाच वर्षांच्या लेकीला तात्पर्य तिथंच सांगून टाकलं: "दुखणं झाकणारा आधार लवकर बरा वाटतो, बाळा, पण पायांत बळ येतं ते धीरानं, थोडं थोडं आपलं आपण चालल्यावरच."

लेक आईच्या कडेवरून म्हणाली, "मग मला खाली ठेव की!"