मुक्या डब्याची वायर

डबे आणि झाकणंही बोलत असत, तेव्हाची गोष्ट. यामिनीने घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक ड्रम जोडला. त्यात बिस्किटांचा डबा होता, कुकरचं झाकण होतं आणि पितळी परात होती. प्रत्येकाची वायर स्पीकरच्या पेटीत जायची आणि त्या वायरीतूनच त्यांना आवाज फुटायचा.

संध्याकाळी सोसायटीत पहिला कार्यक्रम होता! दुपारी सरावाला काठी पडताच परात गरजली, "आज अख्खी गल्ली हलवते बघा!" झाकण खणखणलं, "मीही, मीही!" मग काठी डब्यावर पडली. आवाजच नाही. यामिनीने पुन्हा मारली, तरी डबा गप्प.

"अगं, हा मुकाच आहे!" परात ओरडली. "सगळ्याचा विचका करेल. दे भंगारात!"

डब्याला खूप काही सांगायचं होतं. पण सांगणार कसं?

"थांब गं जरा," यामिनी म्हणाली. तिने डब्याची वायर परातीला लावली आणि परातीची डब्याला.

"ढुम्म! आलो, मी आलो!" डबा असा घुमला की खिडकीच्या काचा थरथरल्या.

मग काठी परातीवर पडली. 'मी मुकी नाही!' असं तिला जीव तोडून ओरडायचं होतं. पण एक शब्द बाहेर पडला नाही.

म्हणजे डबा नाही, वायरच आतून तुटली होती. यामिनीने ती सोल्डरचा डाग देऊन जोडली आणि संध्याकाळी तिघांनी धमाल उडवली.

पुढे ड्रममध्ये एक नवं घमेलं आलं. ते काही केल्या वाजेना. झाकण म्हणालं, "मुकं दिसतंय!"

"गप्प बस!" परात कडाडली. "आधी त्याची वायर बघा!"