मध्यम गेलेली पेटी

करवंदवनात राजा निवडणुकीने ठरत असे. दर पाच पावसाळ्यांनी निवडणूक होई आणि दर वेळी गवेराव गवाच निवडून येई. त्यामुळे प्रजेचा गोंधळ होत नसे.

त्या वनात शेवंताबाई साळुंकी पिलांना गाणं शिकवायची. नदीपलीकडे राहायला निघालेल्या उदमांजराकडून तिने त्याची वापरलेली पेटी विकत घेतली. पेटी झिपरूशेठ अस्वलाच्या कारखान्यातली. आत चिठ्ठी डकवलेली होती : ‘सात पावसाळे हमी.’ उलटले होते दोनच.

पंधराव्या दिवशी मध्यम गेला. सा, रे, ग, आणि मग नुसतं भात्याचं फुस्स. दोन सशांच्या मदतीने पेटी ओढत शेवंताबाई कारखान्यात गेली.

“हमी कुणाला दिली होती?” झिपरूशेठने विचारलं.

“पेटीला.”

“पेटीला कशी देणार, बाई? हमी गिऱ्हाइकाला असते. आमचं गिऱ्हाईक उदमांजर. त्याला घेऊन या.”

“अहो शेठ, बिघडलीय पेटी. उदमांजर ठणठणीत आहे.”

“चांगलं आहे की. माझा नमस्कार सांगा त्याला.”

शेवंताबाई रडकुंडीला आली, पण शिकवणी काही तिने बंद केली नाही. पिलं बिचारी पेटीबरहुकूम शिकली : सा, रे, ग, फुस्स, प.

पुढे गवेरावांचा वाढदिवस आला. पिलांनी जंगलगीत म्हणायचं होतं. त्यात ‘महाराज’ हा शब्द नेमका मध्यमावर. अख्ख्या माळासमोर पिलं मन लावून गायली, “जय जय फुस्स!”

माकडं हसून हसून फांद्यांवरून पडली. गवेराव हसले नाहीत. निवडणूक तोंडावर होती. त्यांनी तातडीने निवडून आलेल्या सदस्यांची सभा बोलावली. शेवंताबाईने पेटी आणि आतली हमीची चिठ्ठी सभेपुढे मांडली.

झिपरूशेठ कळवळून बोलला, “महाराज, आज वापरलेल्या पेटीची हमी पाळायला लावलीत, तर उद्या कुणीही उठेल आणि दिलेला शब्द पाळा म्हणेल!”

सगळ्या बाकांवरून आपोआप टाळ्या पडल्या.

शेवंताबाई पुढे होऊन म्हणाली, “शेठ, नवी पेटी मी मागतच नाहीये. तुमचा शब्द तुम्हीच पेटीच्या पोटात डकवलात. पेटी जाईल तिथं तो जाणार. नसेल जायचा, तर उदमांजराच्या पोटावर डकवायचा होतात!”

प्रजा खदखदून हसली. प्रजा कुणीकडे हसते हे गवेरावांना चांगलं कळायचं. त्यांनी शिंग उगारून जाहीर केलं, “हमी वस्तूची! मालक कितीही बदलोत!” सदस्यांनी लगेच घोषणा दिली, “मालक नवा, हमी तीच!”

झिपरूशेठने तिथंच पेटी उघडली. मध्यमाच्या पट्टीवर कुंभारमाशीने चिखलाचं घर केलं होतं. ते खरवडून काढायला एका जांभईएवढा वेळ लागला. शेवंताबाईने मध्यम दाबला आणि कितीतरी वेळ दाबूनच धरला. पिलं अवाक होऊन ऐकत राहिली. असाही एक सूर असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात प्रजेतून ढालाजी कासव पुढे आलं. “महाराज, एक शंका. समोरच्या बाकावरचे अकरा सदस्य गेल्या पावसाळ्यात तुमच्या बाकावर येऊन बसले. आम्ही निवडून दिलं तेव्हा त्यांनी तळं उपसायची हमी दिली होती. आता मालक बदललाय. हमी तीच ना?”

सभेत फुस्स झालं.

त्याच दुपारी कायद्यात एकमताने दुरुस्ती झाली. वाद्यांची हमी कायम राहिली, शेवंताबाईची शिकवणीही जोरात चालली. सदस्यांना मात्र हमीतून वगळण्यात आलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : मालक बदलला तरी वाद्याचा सूर बदलत नाही, सबब सदस्यांना हा कायदा लागू करता येत नाही.