लिंबाजी ठेकेदाराचा सरळ रस्ता

कासारटेंभी गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गवंडी राहायचा. हातात कसब होतं, पण सांगाल तेवढंच करायचा. एकदा बायको म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा, मी पाणी घेऊन येते." ती परत आली तर सगळं दूध चुलीत.

"लक्ष ठेवलं होतं," लिंबाजी म्हणाला. "आधी डाव्या अंगानं उतू गेलं. मग उजव्या."

पुढे गाव वाढलं, नगरपरिषद झाली. पोपटअण्णा इंगवले नगराध्यक्ष झाले. गावातली कामं गावातल्याच माणसाला द्या, असा वरून हुकूम आला. अण्णांनी बांधकाम खात्याच्या डहाळे साहेबांना विचारलं, "सांगितलं तेवढंच करील आणि उलटून काही विचारणार नाही, असा कोणी आहे का?"

"एक आहे," साहेब म्हणाले. "पण तो फारच तसा आहे."

लिंबाजीच्या बायकोनं, सुंद्राबाईनं, दोन शेळ्या विकून नवऱ्याचं ठेकेदारीचं लायसन काढलं. "आता दुसऱ्याच्या हाताखाली माल कालवायचा नाही," ती म्हणाली. "मोठी माणसं सांगतील तसं करा. हे लायसन गेलं तर परत विकायला शेळ्या नाहीत."

पहिलं काम पाण्याच्या पाइपलाइनचं निघालं. अण्णा म्हणाले, "लिंबाजी, निवडणूक जवळ आलीय. काम लोकांना दिसलं पाहिजे."

लिंबाजीनं पाइप गल्लीच्या मधोमध, गुडघाभर उंचीवर, विटांच्या खांबांवर टाकला. वर लाल रंग दिला. काम लांबून दिसायला लागलं. बायका हंडा घेऊन पाइप ओलांडायला लागल्या. एका वरातीत घोडा अडला आणि नवरदेवाला मांडवापर्यंत चालत जावं लागलं.

अण्णा तणतणत आले. "अरे, पाइप असा असतो का? जमिनीखाली टाकायचं! वरून काही दिसता कामा नये!"

"चुकलं, अण्णा. पुढच्या वेळी तसंच करतो."

तरी पुढची वेळ आली. कारण बिलावर सही करताना लिंबाजीनं एक अक्षर वाचलं नव्हतं. "सही कुठं करू?" एवढंच विचारलं होतं. डहाळे साहेब म्हणाले, "अण्णा, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

दुसरं काम होतं बसथांब्याच्या निवाऱ्याचं. लिंबाजीनं दहा फूट खड्डा खणला. खाली बाकं, फरशी, पंखासुद्धा. वरून स्लॅब टाकून माती सारखी केली आणि एका कोपऱ्यात उतरायला शिडी ठेवली. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

लोक खाली बसायचे. वर बस यायची, कोणी दिसत नाही म्हणून निघून जायची. तालुक्याला डोळे दाखवायला निघालेल्या चंद्राक्का सकाळपासून खाली बसल्या होत्या. दुपारी लेकानं वरून हाक मारली, "आई, तीन बस गेल्या!"

"जाऊ देत," चंद्राक्का म्हणाल्या. "इथं गार आहे."

अण्णांनी शिडीवरूनच ओरडायला सुरुवात केली. "अरे शहाण्या, आतल्या माणसाला बाहेरचं दिसायला नको? बाहेरच्याला आतलं दिसायला नको? चारही बाजूंनी उघडं ठेवायचं!"

"चुकलं, अण्णा. पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसरं काम भाजी मंडईतल्या शौचालयाचं होतं.

त्यानं ते चारही बाजूंनी उघडं ठेवलं.

भाजीवाल्या बायकांनी रिकाम्या टोपल्या घेऊन नगरपरिषदेवर मोर्चा काढला. अण्णा मागच्या दारानं निसटले. लिंबाजी पुढच्या दारात सापडला. बायकांनी त्याला काय काय ऐकवलं, ते सांगण्यासारखं नाही.

घरी सुंद्राबाई रडली. "अहो, लोक हसतात. लायसन जाईल आता." लिंबाजीला रात्रभर झोप आली नाही. सकाळी तो स्वतःच अण्णांकडे गेला. "अण्णा, मला एकदाच नीट सांगा. कधीच चुकणार नाही असं काहीतरी सांगा."

अण्णा सत्काराला जिल्ह्याच्या गावी निघाले होते. गाडीत बसता बसता म्हणाले, "चौकापासून माळापर्यंतचा रस्ता करायचाय. परवा वरून तपासणी येतेय. डहाळे नकाशा देतील. कागदावर आहे तस्संच कर. कोणी आडवं येवो, ओरडो, माझं नाव सांगो, थांबायचं नाही."

हे फार सोपं होतं. लिंबाजीला बरं वाटलं.

डहाळे साहेबांनी फायलीवरची धूळ झटकून नकाशा दिला. नकाशात रस्ता फूटपट्टीसारखा सरळ होता. लिंबाजी जेसीबी घेऊन निघाला. चौकापासून अर्ध्या मैलावर नकाशातला रस्ता सरळ जात होता आणि खरा रस्ता मात्र एका दुमजली बंगल्याला वळसा घालत होता.

बंगल्यातून अण्णांच्या पत्नी धावत आल्या. "अरे लिंबाजी, काय करतोस? नऊ वर्षं झाली हा बंगला बांधून! हा अण्णांचा बंगला आहे!"

लिंबाजीनं कागद नीट पाहिला. "वहिनीसाहेब, इथं रस्ता आहे. नऊ वर्षांत तीनदा डांबर टाकलंय, असं लिहिलंय. खाली अण्णांची सही आहे."

"अरे, पण बंगला तुझ्यासमोर उभा आहे!"

"समोर आहे," लिंबाजी नम्रपणे म्हणाला. "कागदावर नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा गळ्यात हार घालून परतले. फाटक नव्हतं. बाग नव्हती. दिवाणखान्याच्या जागी सुंदर खडी पसरली होती. सगळा गाव जमला होता, आणि तपासणीचे साहेब एक दिवस आधीच येऊन टेप धरून उभे होते.

"रुंदी बरोबर आहे," ते म्हणाले. "इतकं कागदाबरहुकूम काम मी पहिल्यांदाच बघतोय."

अण्णा कात्रीत सापडले. बंगला माझा म्हणावं, तर रस्ता खोटा ठरतो. रस्ता खरा म्हणावं, तर बंगला जातो. तेवढ्यात जेसीबी पुन्हा घरघरला, आणि त्यांच्यानं राहवलं नाही.

"थांब!" ते किंचाळले. "लिंबाजी, मी सांगतोय, थांब!"

लिंबाजीला अण्णांचं कौतुक वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि आपली परीक्षा घ्यायला स्वतः ओरडतोय. त्यानं हसून हात जोडले.

"या वेळी नाही चुकणार, अण्णा," तो म्हणाला आणि त्यानं जेसीबीवाल्याला पुढं व्हायची खूण केली. स्वयंपाकघर अजून राहिलं होतं.