करंजदऱ्याच्या दोन ओळी

करंजदऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीला भिंत नाही. माळाच्या कडेने निवडुंगाचे कुंपण आहे, आणि आत शिरताना डाव्या हाताला गुडघाभर उंचीचा, सपाट माथ्याचा एक काळा दगड आहे. त्याला ओळीचा दगड म्हणतात. त्याला कोणी फुले वाहत नाही, त्याच्यापुढे मेणबत्ती लावत नाही. गावात दफन असले की एक बाई त्यावर उभी राहते, गीताची एक ओळ गाते, जमलेली माणसे ती मागून म्हणतात. मग दुसरी ओळ. तीही माणसे मागून म्हणतात. त्यानंतर कोणी काही म्हणत नाही. खड्डा भरेपर्यंत सारे तसेच उभे राहतात.

जुने दगडी ख्रिस्ती देऊळ बघायला नगरहून, पुण्याहून माणसे येतात. त्यांना गाव दाखवायचे काम सुवार्ताबाई भिंगारदिवे करतात. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. देवळाची माहिती त्या बाकावर बसून सांगतात. दगडाची मात्र उभ्यानेच सांगतात.

"बाई, गीत एवढंच आहे?" असे कोणी ना कोणी विचारतेच.

"नाही. चौदा कडवी होती."

"मग बाकीची?"

"आमच्या घराण्यानं घालवली," सुवार्ताबाई म्हणतात, आणि पुढचे सांगू लागतात.

गावात पहिली सात घरे ख्रिस्ती झाली, तेव्हाची गोष्ट असे सांगतात. त्या सात घरांत पहिले माणूस गेले, तेव्हा त्याला पुरायला जागा मिळेना. शेवटी मोकळ्या माळावर, मुरूम फोडून खड्डा केला. विधी करणारा बाहेरगावचा पाळक काही पोहोचला नाही. तेव्हा माती लोटता लोटता त्या माणसांनी आपल्याच तोंडाने एक गीत रचले म्हणे, ओवीच्या चालीवर. मुरमाचा खड्डा भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढे ते लांब झाले. त्याला नाव पडले माळाचे गीत.

त्या सात घरांत लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हते. म्हणून उपासनेत एक जण ओळ द्यायचा आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची, अशी रीत पडली. पुढे ओळ देण्याचे काम धुरपताबाईंकडे आले. धुरपताबाई भिंगारदिवे तरुणपणीच विधवा झालेली, दगडाच्या खाणीवर राबणारी बाई. आवाज काही गोड नव्हता, पण माळाच्या या टोकाचा त्या टोकाला जायचा. तिची एक पद्धत होती. ओळ दिली की ती थांबायची. पुढचे लोक म्हणून मोकळे झाले तरी थांबायची. दाराबाहेर पोर कडेवर घेऊन उभी असलेली बाई, काठी टेकत उशिरा आलेला म्हातारा, त्यांच्या तोंडून ओळ पुरी झाली की मगच ती पुढची द्यायची. त्यामुळे करंजदऱ्याची उपासना आजूबाजूच्या सगळ्या गावांपेक्षा लांबायची. लोक हसायचे. "करंजदऱ्याचं आमेन सांजेला," म्हणायचे.

धुरपताबाईंना एकच मुलगा, तीमथ्य. खाणीवर मजुरी करून तिने त्याला नगरच्या मिशनच्या शाळेत ठेवले. तो शिकून मास्तर झाला आणि गावच्याच शाळेवर नेमून आला. मास्तर माणूस म्हणून वाईट नव्हते, असे सुवार्ताबाई आवर्जून सांगतात. "वाईट असते तर गोष्ट सोपी होती," असेही त्या म्हणतात.

मास्तर आल्याच्या दुसऱ्या वर्षी छापील गीतांची पुस्तके आली. पेटी भरून. त्यांच्याबरोबर मिशनचे एक साहेब आले, मडमसाहेब आल्या, आणि बैलगाडीत घालून पायपेटी आली. मास्तरांनी महिनाभर खपून शाळेतल्या मुलांकडून पुस्तकातली चार गीते बसवून घेतली होती. उपकारस्तुतीचा रविवार होता. देवळात सतरंजीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

पायपेटी सुरू झाली. मुलांनी पुस्तके उघडली आणि पहिले गीत धरले. ते धरतात न धरतात तोच मागून धुरपताबाईंचा आवाज आला. रोजच्याप्रमाणे त्या उभ्या राहून ओळ देत होत्या. ज्यांच्या हातात पुस्तक नव्हते, त्या दीडशे माणसांनी ती ओळ उचलली. मुले एका ओळीवर, पायपेटी दुसऱ्या ओळीवर आणि मागची माणसे तिसऱ्याच ठिकाणी. सगळा गोंधळ झाला. मडमसाहेबांनी पाय थांबवले. साहेब मागे वळून बघत हसले.

ते हसणे वाईट नव्हते म्हणे. एखाद्या लहान मुलाने मध्येच बोलावे आणि मोठ्यांनी कौतुकाने हसावे, तसे होते. पण मास्तरांच्या कानशिलाला चटका बसला. मिशनच्या शाळेत त्यांनी आईबद्दल कधी काही सांगितले नव्हते. ते उठले, गर्दीतून वाट काढत आईपर्यंत गेले आणि ओठांवर बोट ठेवले. आई बघत राहिली. तेव्हा त्यांनी आपल्या हातातले पुस्तक उघडून तिच्या हातात दिले. साहेबांना वाटावे की म्हातारी वाचते आहे.

धुरपताबाईंना अक्षर येत नव्हते. उपासना संपेपर्यंत त्या ते पुस्तक समोर धरून उभ्या राहिल्या. पान त्यांनी एकदाही उलटले नाही, आणि पुढे तीन गीते झाली. सगळ्या देवळाने ते पाहिले.

बाहेर पडताना गावातला अहारोन पाटोळे म्हणाला, "काय मास्तर, म्हातारीला एका दिवसात वाचायला शिकवलंत की! आमच्या पोरांना का हो वर्ष लागतं?"

मास्तर हसल्यासारखे करून पुढे गेले.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "आता ओळ द्यायची गरज नाही, आई. पुस्तकं आलीत."

"पुस्तक थांबतं का रे मागच्यासाठी?"

"सगळे वाचायला शिकतील."

"आन तोवर?"

मास्तर हातातले पुस्तक कोनाड्यात ठेवू लागले.

"बरं," धुरपताबाई म्हणाल्या. "तू गप कर म्हनलास, मी गप झाले. आता तू उघड म्हनशील तवाच माझं तोंड गीताला उघडंल. देवाला सांगून ठेवते."

मास्तरांना वाटले, रागाचे बोलणे आहे, चार दिवसांत निवळेल. पण ती शपथ होती. त्या दिवसापासून धुरपताबाई देवळात येत, सतरंजीच्या शेवटच्या काठाला बसत, आणि गात नसत. देवळात नाही, जात्यावर नाही, खाणीवरही नाही. बोलणे-चालणे तसेच होते, सुनेशी थट्टाही करीत. फक्त गीत बंद झाले. पुढे मास्तरांना मुलगी झाली, रिबका. तिच्या पाळण्याची दोरी आजीनेच धरली, पण पाळणा मुका हलायचा.

आई गप्प आहे ती आपण परत सांगण्याची वाट बघते आहे, हे मास्तरांना ठाऊक होते. एक वाक्य म्हणायचे होते. ते म्हणायला आधी चूक झाली म्हणावे लागले असते, आणि शाळेत पोरांच्या चुका दाखवणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघेना. पुढच्या रविवारी म्हणू, नाताळात म्हणू, असे करता करता अकरा वर्षे गेली.

या अकरा वर्षांत उपासना बदलली. ती आटोपशीर झाली. पुस्तकातला क्रमांक फळ्यावर लिहिला जाई, मुले गात, शिकलेली माणसे गात. न शिकलेली आधी पुटपुटत, मग ऐकू लागली, आणि मग दाराबाहेर उभी राहून गप्पा मारू लागली. दफनाला पुस्तकातले तीन कडव्यांचे गीत म्हणत. ते संपे तेव्हा खड्डा अर्धाही भरलेला नसे. उरलेला वेळ माणसे पावसापाण्याच्या गोष्टी करीत. माळाचे गीत पुस्तकात नव्हते. ते कोणी म्हटले नाही आणि कोणी उतरवूनही घेतले नाही. मास्तरांना ते सहज उतरवता आले असते. एक दौत, एक टाक आणि एक संध्याकाळ.

मग मानमोडी तापाची साथ आली. गावात रोज दोन-दोन, तीन-तीन माणसे जाऊ लागली. पाळक आजारी पडले. शाळा बंद झाली. साथीच्या दुसऱ्या आठवड्यात रिबका गेली. तिला आठवे वर्ष लागायचे होते.

दफनाला तीसेक माणसे आली. पाळक नसल्यामुळे मास्तरच उभे राहिले. वचन वाचून त्यांनी गीतांचे पुस्तक उघडले. तेव्हा त्यांची बायको सालोमीबाई म्हणाली, "मिटा ते."

मास्तरांना नीट ऐकू आले नाही.

"मिटा म्हणते ते पुस्तक. माझ्या बापाला माती दिली तेव्हा माळाचं गीत झालं होतं. खड्डा भरेस्तोवर. माझ्या लेकीला तीन कडव्यांत वाटेला लावू नका. आईंना सांगा."

तीस माणसे बघत होती. मास्तरांनी पुस्तक मिटले. आई कुंपणापाशी, त्या काळ्या दगडाजवळ उभी होती. मास्तर तिच्यापुढे गेले आणि म्हणाले, "आई, माझं चुकलं. ओळ दे."

धुरपताबाई दगडावर चढल्या. वय झाले होते, सुनेने हात दिला. त्यांनी माळावर नजर टाकली आणि पहिली ओळ दिली.

*माळावरती घर केले, दार नाही त्याला*

अकरा वर्षांनी आवाज फाटला होता, पण पोहोचला. तीस माणसांनी ती म्हटली. त्या थांबल्या, मागच्या माणसाचे म्हणून होईपर्यंत थांबल्या, आणि दुसरी ओळ दिली.

*आत तूच, बाहेर तूच, हाक मारू कोणाला*

माणसांनी तीही म्हटली. त्या थांबल्या. मग तोंड उघडले आणि ओळ आली नाही.

माणसे थांबली. थांबायची सवय त्यांना धुरपताबाईंनीच लावली होती. त्यांना वाटले, म्हातारी मागच्या कोणासाठी खोळंबली असेल. एक-दोघांनी मागे वळूनही पाहिले. मागे कोणी नव्हते. कोणी पुढची ओळ पुरवील म्हणावे, तर ती कोणालाच येत नव्हती. ओळ रोज मिळत होती तेव्हा ती जपून ठेवायची गरज कोणाला पडली नव्हती. धुरपताबाई ओठ हलवीत होत्या. सालोमीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मास्तर खाली बघत होते.

बऱ्याच वेळाने खड्डा खणणाऱ्यांनी फावडी उचलली. मुरूम पडू लागला. खड्डा लहान होता, तरी भरायला वेळ लागला. तेवढा सगळा वेळ धुरपताबाई दगडावर उभ्या होत्या आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणीही तोंड उघडले नाही.

त्या विसरल्या होत्या, असे गावात सांगतात. काही म्हातारी माणसे म्हणतात, विसरल्या नव्हत्या, पुढच्या ओळी दिल्या नाहीत. खरे काय ते मास्तरांनी आईला कधी विचारले नाही. विचारायला तोंड नव्हते. पुढच्या पावसाळ्यात धुरपताबाई गेल्या. त्यांच्या दफनालाही दोनच ओळी झाल्या.

त्यानंतर मास्तर वही घेऊन गावोगाव फिरले म्हणे. जिथे जिथे करंजदऱ्याची लेक दिली होती, तिथे तिथे गेले. कोणी एक ओळ सांगे, कोणी अर्धी. एकीची दुसरीशी जुळेना. वही भरली, गीत झाले नाही. गीतांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, तेव्हा छापखान्याने त्यांच्याकडे माळाचे गीत मागितले. मास्तरांनी कागदाच्या माथ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि बाकीचा कागद कोरा ठेवून पाठवला. "अपूर्ण, पूर्ण करून धाडणे," असा शेरा मारून तो परत आला. पुढच्या रविवारी तो कागद हातात धरून मास्तर मंडळीपुढे उभे राहिले. आईला गप्प कोणी केले, पुस्तक तिच्या हातात का दिले, साहेब हसले तेव्हा आपल्याला काय वाटले, हे सगळे त्यांनी सांगितले. मग मंडळीकडे मागणे मागितले: या गीताला नवी ओळ जोडू नका. जिथे तिची थांबली तिथे थांबा. आणि भिंगारदिव्यांच्या घरातल्या कोणी त्या दगडावर चढू नये.

मंडळीने ते मान्य केले.

पुढे देवळात कर्णा आला, माइक आला. पायपेटी जाऊन गिटार आली, की-बोर्ड आला. फळ्यावरचा क्रमांक गेला आणि भिंतीवरच्या पडद्यावर गीते झळकू लागली. प्रत्येक वेळी नव्या पिढीला ती शांतता अवघड वाटली. एकदा तरुण संघाने तेवढ्या वेळापुरती हळू धून वाजवायचा ठराव आणला. एका शिकलेल्या मुलीने उरलेली कडवी लिहून आणली.

"चांगली होती का?" पाहुणे विचारतात.

"फार चांगली होती," सुवार्ताबाई म्हणतात. "मी स्वतः तिला बक्षीस दिलं. म्हणू मात्र दिली नाहीत."

"आणि ओळ आता कोण देतं?"

"हजर असलेल्यांत वयानं सगळ्यात मोठी बाई."

"म्हणजे आता तुम्हीच असाल."

"वयानं मीच," सुवार्ताबाई म्हणतात. "पण मी भिंगारदिवे."

आजही करंजदऱ्यात दफन असले की ओळीच्या दगडावर भिंगारदिव्यांबाहेरची एखादी म्हातारी चढते, दोन ओळी देते आणि उभी राहते. आता परगावच्या नातलगांसाठी कोणीतरी फोन उंच धरून सगळे थेट दाखवत असतो. मुंबईची, दुबईची माणसे बघत असतात. दुसरी ओळ संपली की काही क्षणांत फोनच्या पडद्यावर त्यांचे निरोप येऊ लागतात. 'आवाज गेला.' 'माइक बघा कोणीतरी.' 'हॅलो, काही ऐकू येत नाही.' फोन धरणारा ते वाचतो. त्याला उत्तर लिहायची परवानगी नाही. मुरूम पडत असतो, निरोप येत असतात, आणि खड्डा भरेपर्यंत तो फोन तसाच धरून उभा राहतो.