शिंपिणीचं ओळखीचं पान

जंगलात फोन नव्हते, सगळे तळ्याकाठी निवांत भेटत आणि ओळख म्हणून आपली खूण टोचलेलं पान एकमेकांना देत, त्या छान दिवसांतली ही गोष्ट.

पानं शिवून घरटी बांधणारी शिंपीण पक्षीण तिथे काम शोधायला आली. शिवणकामाच्या मोबदल्यात दाणे मिळाले, तरच पिल्लं जेवणार होती. बोलायची धास्ती, म्हणून दिसेल त्याच्या पंखात तिने पान कोंबलं. सगळी पानं खाली पडली. शेळीने ती खाल्ली.

"चविष्ट आहे हो तुमची ओळख!" शेळी म्हणाली.

एकच पान उरलं. ते पाठीमागे धरून शिंपिणीने शेजारी बसलेल्या मुनियेला विचारलं, "ताई, घरटं उसवलंय का हो तुमचं?"

मुनिया बोलत राहिली, शिंपीण ऐकत राहिली. निघताना मुनियाच म्हणाली, "अगं, तुझं पान देतेस ना?"