बंदीच्या विरोधातलं मत

“...म्हणजे मी विकला गेलो, असं तुम्हालाही वाटतं का, माई?”

आमदार मुरलीधर हिंगमिरे मठाच्या ओसरीवर बसले होते. ऐन तारुण्यात चार वर्षं याच ओसरीवर ते मठ चालवणाऱ्या माईंकडे शिकले होते. मोठी माणसं माईंना वचकून असत. हिंगमिरे आता स्वतःच मोठे झाले होते.

मोबाईलवरच्या जुगारावर बंदी घालणारं विधेयक त्या आठवड्यात विधानसभेत पडलं होतं. हिंगमिऱ्यांनी बंदीच्या विरोधात मत दिलं होतं. त्यांच्या निवडणुकीतल्या सभा, गाड्या, फलक, सगळा खर्च जुगाराच्या एका कंपनीने उचलला होता. तालुक्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

माईंनी नळाशी भांडी घासणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं.

“ओळखतोस?”

“नाही.”

“पारू. तुझ्याच मतदारसंघातली. नवऱ्याने मोबाईलवर आधी रिक्षा घालवली, मग हिचं मंगळसूत्र. शेवटी विहीर जवळ केली.”

हिंगमिऱ्यांनी मान खाली घातली. “वाईट झालं. मी तिला सरकारी मदत मिळवून देतो.”

“ती मदत मागत नाहीये. तिने तुला मत दिलं होतं.”

पारूचा हात थांबला. तिने वळून मात्र पाहिलं नाही.

हिंगमिरे चिडले. “निवडणूक फुकट होत नाही, माई. पण त्या कंपनीवाल्यांचा मला एक फोन नाही, एक निरोप नाही. मी माझ्या बुद्धीने मत दिलं. तुमच्या पायाची शपथ घेतो.”

ते वाकले. माईंनी पाय मागे ओढून घेतले.

“हात लावू नकोस.”

आवाज चढला नव्हता. 

हिंगमिरे पुन्हा जागेवर बसले.

“मतं कशी मोजली तिथे?” माईंनी विचारलं.

“शिरगणतीने. विरोधातले जागेवर उभे राहिले. मीही राहिलो.”

“ऊठ.”

हिंगमिरे गोंधळले, पण उठून उभे राहिले.

“आत्ता का उभा राहिलास?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

माईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“मला सांगावं तरी लागलं.”